मार्थाबायची स्टेडी

गेल्या महिन्यात आचोळे रोडला एका भंगारवाल्याच्या हातगाडीवर मला मार्थाबायची स्टेडी दिसली आणि माझं डोकं असं फिरलं की भर रस्त्यात रिक्षा थांबवून मी खाली उतरले. फुटके पंखे, तीन पायांची खुर्ची, गंजलेला कुकर, आणि त्या सगळ्यावर उलटी टाकलेली ती लाकडी चौकट. मधे ताटलीएवढं गोल भोक, भोकात तीन बाजूंनी आत डोकावणारी तीन छोटी चाकं. गाडीवाला म्हणाला, "मॅडम, वो तो जलाने की लकडी है." मी म्हटलं, "जलाने को तुझे यही मिली?" तो बिचारा घाबरला. त्याचा काय दोष! मार्थाबायचा चंदनसारचा भाचा घर रिकामं करायला आला, त्यानं लेथ विकली आणि ही चौकट कशाची हे कळलं नाही म्हणून भंगारात घातली. शेजारी मी राहते. एक हाक मारली असती तर काय जीभ झडली असती का?

असो. चौकट आता माझ्या ओटीवर आहे. येणारेजाणारे विचारतात, "टीचर, हे काय?" म्हणून एकदाचं सांगूनच टाकते. मार्थाबाय कातारीण होती. लेथवर लाकूड फिरवून पलंगाचे खांब, पाळण्याचे दांडे, जिन्याचे कठडे कातायची. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला आमच्या वाड्यांमधे तिच्या तोडीचं लांब काम करणारं कुणी नव्हतं, आणि पूर्वेला गाळ्यागाळ्यांतून मशिनी आल्या तरी नव्हतं. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. गावानं तिला मिस्त्री म्हणावं. ते मेलं गावानं केलं नाही. त्या गावात मीही आले, ते पुढं सांगते.

ती आली भातशेतीच्या गावाकडून. आमच्या बागायतवाल्यांच्या गावात पन्नास वर्षं काढली तरी तिच्या तोंडात ण कधी बसला नाही. पानी, कोन, लोनी. अंगात झगा, त्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, बाह्या दंडापर्यंत दुमडलेल्या, केसांना फडकं. भुवयांवर कायम लाकडाचा भुगा. रविवारी चर्चमधे मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, आली तरी कानामागं थोडा राहिलेला असायचा. नवरा पास्कू लेथवर लाटणी कातायचा. तो गेला तेव्हा ती चाळिशीत होती, मूलबाळ नव्हतं. दीर म्हणाले लेथ विका. ही म्हणाली, "लेथ कशाला विकू? माजे हात काय पास्कूच्या पेटीत गेले?"

तेव्हापासून पंचवीस वर्षं पडवीच्या दारात रोज एकच प्रश्न यायचा. "मिस्त्री आहेत का?" आणि रोज तिचं एकच उत्तर, हातातली पटाशी खाली न ठेवता: "मिस्त्री सिमेट्रीत हाय. तिसऱ्या रांगेत. काम मी करते, बोला."

सिमेट्री म्हणजे आमची दफनभूमी. काही लोक ओशाळायचे. बहुतेक नाही ओशाळायचे. विरारहून एक गृहस्थ आले होते, नव्या फ्लॅटमधे झोपाळा टांगायचा होता, त्याचे चार दांडे हवे होते. मी कैऱ्या द्यायला गेले होते म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. मार्थाबाय मशीनवर होती, पट्ट्याच्या आवाजात तिला ते दिसलेच नाहीत. हे बाकावर बसले. तिचा हात लाकडावरून सरकतोय, लाकडाच्या लांब फिती उडताहेत, चौकोनी दांड्याला गळा येतोय, मणी येतोय, आणि हा माणूस घड्याळ बघतोय! अर्ध्या तासानं मला विचारतो, "कारागीर कधी येतील? या बाई मशीन साफ करताहेत वाटतं." मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं म्हणून काही शब्द मला येत नाहीत असं नाही. मार्थाबायनं मात्र मशीन बंद केली, त्याला ठरलेलं वाक्य ऐकवलं आणि झोपाळ्याच्या कड्यांचं माप विचारलं. दांडे त्यानं तिच्याकडूनच नेले. न्यायला आला तेव्हाही म्हणाला, "मिस्त्रींना सांगा, काम एक नंबर झालंय."

आता स्टेडी. लांब लाकूड लेथवर दोन टोकांना धरलेलं असतं, मधे त्याला कुणी नसतं. जोरात फिरवलं आणि पटाशी टेकवली की मधला भाग थरथरतो, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा नाचतो, आणि लाकडावर वळ्या उठतात. कधी उडून कपाळात बसतं. त्याला मधे आधार लागतो, तो या चौकटीचा. लाकूड भोकातून जातं, तीन चाकं त्याला तीन बाजूंनी टेकतात, लाकूड फिरतं तशी चाकंही फिरतात. एवढंच. पण हे एवढंसुद्धा तिला कुणी सांगितलं नाही.

पास्कूचा एक दोस्त होता, आचोळ्याला त्याचा गाळा. पलंगाचे खांब करायचा. मार्थाबायचे पहिले तीन खांब वळ्या उठून वाया गेले तेव्हा ती त्याच्याकडे विचारायला गेली. तो म्हणाला, "वहिनी, लांब काम बायकांचं नाही. तुम्ही लाटणी करा, पोटापुरतं मिळतंय ना?" ही तीनदा गेली. कधी चिंबोऱ्या घेऊन, कधी केळी घेऊन. तिसऱ्यांदा गेली तर त्यानं तिला पाहताच मशीनवर मधोमध गोणपाट टाकलं! केळी ठेवून घेतली आणि गोणपाट टाकलं. मला हे आठवलं की अजून रक्त उसळतं. पण मूर्ख माणूस, गोणपाट टाकताना खालून एक चाक उघडं राहिलं. मार्थाबाय घरी येताना ते एक चाक डोक्यात घेऊन आली.

कुणाच्या तरी पोरीचे मोडके स्केटिंगचे बूट तिनं मागून आणले, चाकं काढली, जुन्या खाटेच्या फळीची चौकट केली. पहिल्या दिवशी मला दुपारी धुराचा वास आला. पाहते तर तिच्या पडवीतून धूर. मी बादली घेऊन धावले आणि लाकूड, लेथ, मार्थाबाय, सगळ्यांवर ओतली. ती नखशिखांत भिजली आणि हसायला लागली. चाकं तिनं इतकी घट्ट केली होती की लाकूड घासून जळत होतं. काळा पट्टा पडला होता त्याच्यावर. फडक्यानं तोंड पुसत म्हणाली, "मी धरला नाय टीचर, आवळला. लाकडाला धरायचा आसते. आवळला का तो जळते."

मग तिनं माप शोधलं. लाकडाचा मधला चार बोटांचा भाग आधी हलक्या हातानं अगदी गोल करून घ्यायचा. मग चाकं जवळ आणायची, चाक आणि लाकूड यांच्यात लग्नाची पत्रिका धरायची. पत्रिका ओढली की सर्रकन निघाली पाहिजे, पण पडता कामा नये. तेवढंच अंतर. साधा कागद पातळ पडतो, पुठ्ठा जाड. गावात लग्न कुणाचंही असो, जेवण झालं की पत्रिका तिच्या पडवीत. चर्चमधल्या मेणबत्त्यांची बुडखं फादर तिला द्यायचे, ती लाकडाच्या त्या चार बोटांच्या पट्ट्यावर घासायची, म्हणजे चाक गुळगुळीत फिरतं. तिचा पहिला पलंगाचा खांब झाला तेव्हा तिनं मला हात फिरवायला लावला. वळीचा मागमूस नाही. मी म्हटलं, "झाली की मिस्त्री!" संध्याकाळी तिच्याकडून माझ्याकडे सुक्या बोंबलांची चटणी आली.

इथं माझं पाप सांगते. चर्चच्या वार्षिक अंकात मी तिच्यावर अर्धं पान लिहिलं. मला वाटलं, घ्या आता, छापलंच गावापुढं. वाक्य केलं होतं: "पतीचा वारसा समर्थपणे चालवणाऱ्या." अंक घेऊन ती माझ्या दारात आली. रागावली नव्हती. बोट त्या ओळीवर ठेवून म्हणाली, "टीचर, वारसा कसला? पास्कू लाटनी करायचा. लांब काम त्यानं जन्मात केला नाय. ते मी चालू केला." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. गोणपाट टाकणारा आचोळ्याचा आणि मी, फरक काय राहिला? त्यानं निदान लपवलं तरी, मी तर शुद्धलेखन तपासून दुसऱ्याच्या नावावर केलं.

चार वर्षांपूर्वी क्रुसाच्या दांड्याचं प्रकरण झालं. आमच्या गावात कुणी गेलं की पेटीच्या पुढं क्रूस चालतो. माणसाहून हातभर उंच दांडा, वर पितळी क्रूस. घरापासून चर्च, चर्चपासून सिमेट्री. श्रीमंत असो, पिणारा असो, भांडकुदळ असो, शेवटच्या वाटेवर तोच दांडा पुढं. आणि तो गावच्याच झाडाचा असतो, ही आमची रीत. जुन्याला भुंग्यानं पोखरलं. चर्चच्या कमिटीचे चेअरमन सभेत म्हणाले, "फणस आमच्या वाडीतला देतो. आचोळ्याला दोन तुकड्यांत करून घेऊ, मधे पितळेचा सांधा. सोपं पडतं."

मार्थाबाय बाकांच्या शेवटच्या रांगेतून उठली. सभेत बोलताना मी तिला त्या एकाच दिवशी पाहिलं. "सांधा नको. आपल्या सगळ्यांच्या पुढं चालायचा हाय तो. मधेच मोडलेला कशाला? मी एकसंध करते. पैसे नको मला."

चेअरमन हसून म्हणाले, "तुमच्या मशीनवर मावेल का बाय?"

फुकटात होतंय म्हणून कमिटीनं शेवटी हो म्हटलं, पण मावत नव्हताच. लेथ दोन हातांनी आखूड. या बाईनं काय केलं, लेथचं मागचं टोक उचललं आणि पडवीच्या दारातून स्वयंपाकघरात नेऊन चुलीच्या ओट्याला बोल्टांनी आवळलं. दांड्याचं डोकं पडवीत, पाय स्वयंपाकघरात, आणि उंबरठ्यावर मधोमध स्टेडी. चार दिवस तिची चूल बंद. जेवण माझ्याकडे. मी ताट घेऊन गेले की मला उंबरठ्याच्या अलीकडेच उभं करायची, "पलीकडं येऊ नको, दांडा फिरते हाय." अर्धा दांडा झाला की मशीन बंद, स्टेडी सरकव, पत्रिका घाल, ओढ, पुन्हा घाल. एक सबंध सकाळ तर तिनं पटाशीच लावली नाही, नुसती पत्रिका सरकवत बसली. मी म्हटलं, "अगो, चर्चचा सण तोंडावर आला." म्हणाली, "सन येते आनि जाते. मानसं जायचीच हायत की याच्यामागं."

वर वेल कातली नाही, मणी नाहीत. फक्त टोकांकडं जरा निमुळता आणि मधे, जिथं स्टेडीची चाकं टेकली होती तिथं, चार बोटांचा साधा गुळगुळीत पट्टा. "ही जागा हाताला," म्हणाली. "धरनाऱ्याला अंधारात पन गावली पायजे." मी हात लावून पाहिला. मूठ आपोआप तिथं जाऊन बसली.

सणाच्या दिवशी मिस्सा झाली, दांड्याला आशीर्वाद झाला, आणि चेअरमन माईकवर आले. दांडा त्यांच्या आईवडिलांच्या स्मरणार्थ त्यांच्या कुटुंबाकडून. टाळ्या. "आचोळ्याच्या कुशल कारागिरांनी अथक मेहनतीनं घडवला आहे." पुन्हा टाळ्या. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. शेजारच्या बाईला विचारलं, तिनंही तेच ऐकलं होतं. नंतर कळलं, अंक आधीच छापायला गेला होता, त्यात आचोळं लिहिलेलं होतं, म्हणून माईकवरही आचोळंच! छापलेलं खोटं पडू नये म्हणून खरं खोटं पाडायचं! मी उठलेच. एवढ्यात माझ्या पदराला हिसका बसला. मार्थाबाय. "बस, टीचर."

"अगं, काय बस? हे चालवून घेतेस तू?"

"बस म्हनते ना. त्यांनी स्क्रू किती लांब मारलाय ते बघू दे मला."

तेव्हा कुठं मला दिसलं. त्या चार बोटांच्या पट्ट्यावर, मुठीच्या जागेवर, पितळेची पाटी. चेअरमनच्या आईवडिलांची नावं. दोन स्क्रू. मी नावासाठी तडफडत होते आणि ही लाकडासाठी. मिस्सा सुटल्यावर ती पुढं गेली, पाटीवर अंगठा फिरवला आणि चेअरमनना म्हणाली, "नावं लावा, वरती दोऱ्यानं बांधा. पन इथला स्क्रू काढा. उनाळ्यात चिरंल." चेअरमन म्हणाले, "बघू, बघू." माझी खात्री आहे, त्यांनी ते शब्द कानातसुद्धा घेतले नाहीत.

मे महिन्यात चिरला. स्क्रूच्या भोकातून दोन्हीकडं वीतभर भेग. एका पेटीपुढं चालताना धरणाऱ्या पोराच्या तळहातात लाकडाचं कुसळ गेलं. दुसऱ्या दिवशी चेअरमन मार्थाबायच्या पडवीत. मी कुंपणाशी कढीपत्ता तोडत होते. खोटं कशाला बोलू, ऐकायलाच उभी राहिले होते. आणि हा माणूस काय म्हणावा? "मार्थाबाय, तुमच्या ओळखीचा कुणी चांगला मिस्त्री आहे का?"

मला वाटलं आता हिच्या हातातली पटाशी उडणार. ती एवढंच म्हणाली, "मिस्त्री सिमेट्रीत हाय. तिसऱ्या रांगेत. दांडा ठेवून जा."

पुन्हा लेथ स्वयंपाकघरात गेली. भेगेत सरस भरला, दोऱ्यानं करकचून बांधून दोन दिवस ठेवला. मी म्हटलं, "आवळलास की आज." म्हणाली, "चिरलेल्याला आवळावाच लागते." मग उंबरठ्यावर स्टेडी, मेण, पत्रिका, आणि त्या पट्ट्यावरून केसाएवढं लाकूड काढलं. भेग शोधायला मला चष्मा लागला. पाटी तिनं पत्रिकेतच गुंडाळून चेअरमनना परत दिली. पत्रिका त्यांच्याच मुलाच्या लग्नाची होती. ते मुद्दाम केलं का, म्हणून मी तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिनं चहा ओतला. पाटी पुन्हा दांड्यावर चढली नाही. पण म्हणून कुणी कुठं एका ओळीत, एका तोंडी वाक्यात म्हटलं का, हे मार्थाबायनं केलं? छे! चर्चच्या त्या वर्षीच्या अंकात अर्धं पान चेअरमनच्या गोठ्यातल्या म्हशीला मिळालं होतं. हिला या दांड्याची एक ओळ तरी!

गेल्या वर्षी तिचे हात कापायला लागले. पत्रिका सरकन निघायची त्याऐवजी चाकावर टकटक वाजायची. तिनं ते ऐकलं, मशीनचा पट्टा उतरवला आणि पुन्हा चढवला नाही. त्यानंतर आम्ही दोघी मिस्सेला जायचो तेव्हा मी तिचा दंड धरायची. खड्डा आला की माझी पकड घट्ट व्हायची आणि ती पुढं बघतच म्हणायची, "आवळू नको टीचर."

मी तिला शेवटची पाहिली ती तिच्या पडवीतच, गेली त्याच्या आदल्या सकाळी. खुर्ची लेथपाशी ओढून बसली होती. स्टेडी मांडीवर. बोटानं एकेक चाक फिरवायची, ते थांबेपर्यंत बघायची, मग दुसरं. मी कुंपणावरून विचारलं, "काय करतेस गो?" म्हणाली, "चाकं फिरतात अजून."

तिच्या पेटीपुढं तिचाच दांडा चालला. धरणारा पोरगा नवीन होता, त्याला कुणी काही सांगितलं नसणार. घरून निघताना त्यानं दांडा खाली धरला, मग वर धरला, मग चार पावलांतच त्याची मूठ त्या पट्ट्यावर येऊन बसली आणि सिमेट्रीपर्यंत तिथून हलली नाही. मी सगळा वेळ ती मूठच बघत चालले. सिमेट्रीत चेअरमन दोन शब्द बोलले. "ख्रिस्तवासी पास्कू मिस्त्रींच्या धर्मपत्नी." मी या वेळी उठले असते, पण उभीच होते, आणि पदर ओढायला कुणी नव्हतं. म्हणून मोठ्यानं म्हटलं, "लाटणी करायचा तो. मिस्त्री ही होती." सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. फादर खाली बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, टीचरना धक्का बसलाय, पाणी द्या. मला पाणी दिलं आणि माती ओढली. पास्कूच्याच कबरीत ठेवली तिला, आमच्याकडे जागा कमी. क्रुसावर अजून एकट्या पास्कूचं नाव आहे. ते मी बघून घेईन, त्याशिवाय डोळे मिटणार नाही.

परवा एक माणूस तिच्या बंद दारापुढं उभा होता. नालासोपारा पूर्वेहून आला होता, हातात पाळण्याचा मोडका दांडा. घरात बाळ यायचं होतं. त्यानं कडी वाजवली, इकडं तिकडं पाहिलं, मग माझ्या ओटीवर ती चौकट दिसली तसा कुंपणाशी आला.

"काकी, इथं लांब काम करणारे मिस्त्री होते ना? कुठं आहेत?"

मी त्याच्या हातातला दांडा घेतला. मधे चार बोटांचा गुळगुळीत पट्टा होता.

"मिस्त्री सिमेट्रीत आहे," मी म्हटलं. "तिसऱ्या रांगेत. मार्था मिस्त्री."